बेडूक शोधायचाय? आधी टॉर्च बंद करा

पाऊस थांबलाय, वारा पडलाय आणि नुकताच अंधार झालाय, की मी निघते. गमबूट, डोक्याला बांधायची बॅटरी, वही. जाळी नेऊ नका.

डबक्याजवळ पोचलात की ओरडा एकदम थांबतो. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो आणि ते टॉर्च फिरवत पुढे घुसतात. तुम्ही दिवा मालवा आणि आहात तिथेच उभे राहा. मी मनात आकडे मोजते. सहाशेपर्यंत जायची वेळ क्वचितच येते. आधी एखादाच अर्धवट 'टर्र' करून बघतो, दुसरा त्याला उत्तर देतो आणि मग सगळे सुटतात. दोघं असाल तर दहा पावलं अंतर ठेवा, एकच आवाज धरा आणि डोळे मिटून त्या दिशेला हात करा. दोघांच्या हातांच्या रेषा जिथे मिळतील तिथे तो बसलेला असतो. मग तेवढ्याच जागी मंद उजेड टाका.

ओरडणारा बहुधा नरच. तोंड मिटलेलं, फुप्फुसातली हवा गळ्याखालच्या पिशवीत जाते-येते. एकदा हातभर अंतरावर एक सापडला होता. पिशवी फुगली की कातडी इतकी ताणली जायची की बॅटरीचा उजेड आरपार दिसे, आणि दर हाकेला पाण्यावर बारीक वर्तुळं उठत.

वहीत वेळ, पाऊस, किती प्रकारचे आवाज आणि कुठून (पाण्यातून, गवतातून, फांदीवरून) एवढं पुरे. अंडी दिसली तर तीही टिपा: जेलीचा गोळा असेल तर बहुधा बेडूक, माळेसारखी लांब दोरी असेल तर भेक, म्हणजे खरखरीत कातडीचा बेडकाचा भाऊबंद. पाण्यावर झुकलेल्या पानाला फेसाचा पुंजका असेल तर झाडावरचे बेडूक. देवगांडूळ (बेडकांचाच बिनपायांचा, गांडुळासारखा दिसणारा नातेवाईक) दिसलं तर नशीब समजा, ते बहुतेक मातीतच असतं.

हात लावू नका. बेडूक पाणी तोंडाने पीत नाही, कातडीतून शोषतो. श्वासही बराचसा तिथूनच. पहिल्या वर्षी मी डासांचं मलम चोळलेल्या तळहातावर एकाला घेतलं. पाय ताणून तडफडला. पाण्यात सोडल्यावरही बराच वेळ कुशीवर तरंगत राहिला. पुढे काय झालं, कळलं नाही.

आणि बूट! कायट्रिड नावाची बुरशी बेडकाच्या कातडीवर वाढते आणि ओल्या चिखलातून दुसऱ्या तळ्यात जाऊ शकते. १९९९ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं. २०१९ च्या एका अभ्यासाने ५०१ जातींची घट तिच्या माथी मारली, त्यातल्या ९० बहुधा संपल्याच. म्हणून चिखल ब्रशने खरवडा, बूट धुवा, खडखडीत वाळवा. ओल्या बुटांनी एका रात्रीत दोन तळी करू नका.

आटत्या डबक्यातली पिल्लं उचलून मोठ्या तळ्यात टाकायचा मोहही आवरा. जीव कळवळतो, मान्य. पण बुरशी तशीच प्रवास करते, आणि मोठ्या तळ्यात मासे टपलेले असतात. आटणाऱ्या डबक्यात मासे टिकत नाहीत, म्हणून तर कित्येक बेडूक तिथे अंडी घालतात.

काहीच ऐकू आलं नाही, तरी तारीख टाकून 'शून्य' लिहा. २०२३ च्या जागतिक पाहणीत उभयचरांच्या ४१ टक्के जाती धोक्यात निघाल्या. तुमच्या डबक्यातला आवाज कधी थांबला, हे अशा शून्यांवरूनच कळेल. पुढच्या पावसात त्याच जागी, त्याच वेळेला जा.