नास्तिकाच्या घरची पंगत

मी देव मानत नाही, पण गॅसपाशी उभा राहिलो की सगळेच धर्म मानावे लागतात. ठाण्यात बरीच वर्षं मित्रांना जेवू घालतोय, त्या अनुभवावरून सांगतो.

आधी घड्याळ बघा. चौविहार पाळणाऱ्या जैन मित्राचं जेवण सूर्यास्ताआधी आटपायला हवं. नंतर पाणीही नाही. रोजेदार मित्र मात्र सूर्यास्त झाला की खजूर तोंडात टाकतो. म्हणजे एकाचं ताट उचलायचं नि दुसऱ्याचं मांडायचं.

जैन मित्राच्या पावभाजीत कांदा, लसूण, गाजर नको. बटाट्याऐवजी कच्ची केळी उकडून कुस्करा, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. रोजेदार मित्रासाठी मटण हलालच आणा. बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, शेजारणीला बंगडा चालतो, कोलंबी नाही: माशाला पर आणि खवले दोन्ही हवेत. वसईचा कॅथलिक दोस्त लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या, शुक्रवारी मटण सोडतो, मासे खातो. सगळ्यांत सोपा पाहुणा.

सगळ्यांत अवघड माझी सख्खी आत्या. एकादशीला साबुदाणा चालतो, भात नाही. जिरं चालतं, कोथिंबीर नाही. शेजारच्या काकूंना कोथिंबीर चालते! का, तर "आमच्यात नाही चालत." इथे तर्क लढवू नका, आदल्या दिवशी फोन करून विचारा.

आणि मटणाच्या पळीला लाल दोरा बांधून ठेवा. मी एकदा तीच पळी वरणात घातली. ते वरण मग आम्ही घरातल्यांनी दोन दिवस संपवलं.