एजंटच्या पोटात कुठला डेटाबेस? ठरवण्याआधीची तयारी

जळगाव, धुळे, नंदुरबारमधल्या पतसंस्था, जिनिंग आणि ग्रामपंचायतींच्या कॉम्प्युटरांवर देखरेखीचा एजंट (मशीनची खबर सर्व्हरला देणारा छोटा प्रोग्रॅम) बसवायचा असेल, तर त्याचा आतला डेटाबेस वेगाचे तक्ते पाहून निवडू नका. दर काही मिनिटांनी शे-दोनशे नोंदी लिहिणं कुणालाही झेपतं. खरा प्रश्न लाइट गेल्यावरचा. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, यूपीएसच्या बॅटऱ्या लवकर मान टाकतात आणि मशीन लिहिता लिहिताच बंद पडतं.

आधी कागदावर मांडा: एकाच वेळी किती प्रोसेस लिहिणार, सगळ्यात लांब ‘की’ (नोंद शोधायची खूण) किती बाइटची, जुन्या नोंदी कधी पुसायच्या, ३२-बिट मशीन कुठे उरलंय का.

एलएमडीबी (की आणि तिची किंमत अशा जोड्या ठेवणारा छोटा डेटाबेस) मनात असेल तर हे आकडे लागतातच. तिथे ‘की’ मुळात ५११ बाइटांपुरती असते. लांब फाइलपाथऐवजी त्याचा हॅश (त्यावरून काढलेला ठरावीक लांबीचा आकडा) ठेवा. मॅपसाइझ, म्हणजे फाइल जास्तीत जास्त किती वाढू द्यायची ते, आधी सांगावी लागते. नाही सांगितली तर १० एमबी मिळते, आणि ती भरली की लिहिणं ठप्प. नोंदी पुसल्या तरी फाइल लहान होत नाही. त्यातच एखादी अडकलेली प्रोसेस जुनं रीड ट्रान्झॅक्शन (वाचनाचा व्यवहार) धरून बसली, तर मोकळी झालेली पानंही परत वापरता येत नाहीत आणि फाइल फुगत राहते. डिस्क भरल्याचा आळ मात्र बिचाऱ्या लॉगवर येतो. ३२-बिटवरची फाइल ६४-बिटवर न्यायची असेल तर डंप काढून परत भरा.

बहुतेकांनी एसक्यूलाइटच घ्यावं. वॅल मोड (बदल आधी वेगळ्या लॉग फाइलमध्ये लिहायची पद्धत) चालू करा. बिझी टाइमआउट (लॉक सुटायची वाट किती वेळ पाहायची ते) मुळात शून्य असतो, म्हणून दुसरा लिहिणारा आला की लगेच लॉकची एरर येते. प्रत्येक कनेक्शन उघडताना ५००० मिलिसेकंद द्या. वॅलमध्ये सिंक्रोनस (डेटा डिस्कवर पक्का करायची सेटिंग) नॉर्मल ठेवलं तर लाइट गेल्यावर फाइल बिघडत नाही, पण शेवटची काही ट्रान्झॅक्शन जाऊ शकतात. पॅच लागल्याची नोंद हरवून चालणार नसेल तर सिंक्रोनस फुल ठेवा. चालू फाइल नुसती कॉपी करू नका, वॅलमधला ताजा डेटा मागे राहतो, एसक्यूलाइटच्या ३.२७ आवृत्तीपासून ‘व्हॅक्यूम इंटू’ ही पूर्ण प्रत काढायची आज्ञा आहे, ती वापरा. नेटवर्क शेअरवर एलएमडीबी आणि एसक्यूलाइट दोन्ही नकोत.

बर्कली डीबी हा जुना डेटाबेस नव्या कामाला नको. २०१३ मध्ये ६.० पासून त्याचा परवाना एजीपीएल (आपलाही कोड खुला करायला लावू शकणारा) झाला. फेडोरा या लिनक्सनेही ३३व्या आवृत्तीत आरपीएमचा (सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनाचा) डेटाबेस तिथून एसक्यूलाइटवर नेला.

चाचणीला ‘किल -९’ पुरत नाही: प्रोसेस मरते, पण कर्नलच्या कॅशमधलं डिस्कवर जातंच. जी एसएसडी गावात जाणार तीच लावा, लिहिणं चालू असताना प्लग ओढा, पुन्हा सुरू करून इंटिग्रिटी चेक (फाइल शाबूत आहे का याची तपासणी) चालवा. असं निदान वीस-पंचवीस वेळा. स्वस्त डिस्क ‘लिहिलं’ म्हणून खोटं सांगतात, ते इथेच उघडं पडतं. डिस्क काठोकाठ भरूनही पाहा.

शेवटी, फाइल खराब निघाली तर एजंटने ती नाव बदलून बाजूला ठेवावी, नवी उघडावी आणि सर्व्हरवरून स्थिती परत मागवावी. एवढ्यासाठी धडगावला माणूस पाठवायचा म्हणजे अख्खा दिवस जातो.