खेळ न खेळलेल्या घरच्यांना ‘ॲडव्हेंट चिल्ड्रन’ कसा दाखवावा

‘फायनल फँटसी सेव्हन’ हा व्हिडिओ गेम १९९७ मध्ये प्लेस्टेशनवर आला आणि त्याच्या पुढची गोष्ट सांगणारा ॲनिमेशनपट, ‘ॲडव्हेंट चिल्ड्रन’, जपानमध्ये सप्टेंबर २००५ मध्ये निघाला. हा चित्रपट खेळणाऱ्यांसाठीच आहे, बाकीच्यांच्या डोक्यावरून जाणार, असं सगळे सांगतात. मीही तेच सांगायचो. गेल्या पावसाळ्यात कोथरूडला आईला तो दाखवला, आणि आता तसं म्हणवत नाही. कथेचे धागे तिला निम्मेही लागले नाहीत, पण नायकाचं दुखणं तिनं माझ्याआधी ओळखलं. तुम्हालाही घरी कुणाला दाखवायचा असेल तर माझ्या अनुभवावरून सांगतो.

१. आधी लांबी बघा

चित्रपटाच्या दोन आवृत्त्या आहेत. २००५ ची साधारण १०१ मिनिटांची, आणि २००९ मध्ये ब्लू-रेवर आलेली ‘कम्प्लीट’, साधारण १२६ मिनिटांची. लांबचीच घ्या. डेन्झेल नावाचा एक आजारी पोरगा आहे, छोट्या आवृत्तीत तो नुसता येऊन पडल्यासारखा वाटतो. लांबच्या आवृत्तीत तो नायकाच्या घरात कसा आला ते कळतं, आणि मग पुढचं सगळं त्याच्यासाठी बघावंसं वाटतं. शेवटची मारामारी मात्र लांबते. तेवढ्यात चहा टाकून घ्या.

२. मागची गोष्ट पाच मिनिटांत सांगा, सहाव्या मिनिटाला थांबा

शिनरा नावाची कंपनी पृथ्वीचा प्राण शोषून त्याची वीज करते. काही लोक तिच्याविरुद्ध उठतात, त्यात क्लाउड हा भाडोत्री तलवारबाज. सेफिरॉथ हा कंपनीचाच जुना शूरवीर. तो बिथरतो आणि आकाशातून उल्का बोलावतो. त्याला अडवू पाहणाऱ्या एरिथला, फुलं विकणाऱ्या मुलीला, तो क्लाउडच्या डोळ्यांदेखत मारतो. शेवटी उल्का थोपते, पण मिडगार शहराची वाताहत होते. बास. जेनोव्हाचं नाव चित्रपटात सारखं येतं. कुणी विचारलंच तर ‘आकाशातून पडलेली पीडा’ म्हणा आणि पुढे चला.

एरिथ मरते हे आधीच सांगायचं का? सांगायचंच, चित्रपट तिथूनच सुरू होतो. आम्हाला ते सहकारनगरला मित्राच्या घरी कळलं होतं. खेळ तीन सीडींचा, आणि हा प्रसंग पहिल्या सीडीच्या अखेरीस. आपलंच काहीतरी बटण चुकलं असं समजून आम्ही मेमरी कार्डावरून तो भाग तीनदा पुन्हा खेळलो.

३. वार आणि भाषा

गुरुवार नको. दुरुस्तीसाठी लाइट नेमकी गुरुवारी जाते हे पुणेकरांना सांगायला नको. जपानी आवाज आणि खाली सबटायटल मला आवडतं, पण कुणाला भरभर वाचायला त्रास होत असेल तर वाद न घालता इंग्रजी डबिंग लावा. मूळ खेळात एकाही पात्राला आवाज नव्हता, सगळं वाचायचंच होतं. त्यामुळे अस्सल आवाज कुठला यावर घरात भांडण्यात अर्थ नाही.

४. पहिली वीस मिनिटं तोंड बंद ठेवा

हे सगळ्यात अवघड. सुरुवातीला एक लालसर प्राणी पिल्लांना घेऊन उजाड शहराकडे बघतो, आणि मग गोष्ट ४९८ वर्षं मागे जाते. हा आकडा उगाच नाही. खेळ संपतो तो ५०० वर्षांनंतरच्या याच दृश्यावर. चित्रपट खेळानंतर दोन वर्षांनी घडतो, म्हणून त्यातून दोन वजा. मला हे तिथल्या तिथे सांगायचा फार मोह झाला. सांगितलं असतं तर आईचं लक्ष गेलं असतं.

त्यानंतर क्लाउड मोटारसायकलवरून सामान पोचवताना दिसतो. टिफा, त्याची जुनी मैत्रीण, बार चालवते आणि दोन मुलं सांभाळते. फोन वाजतो, तो उचलत नाही. घरीही जात नाही, एरिथच्या पडक्या चर्चमध्ये झोपतो. आई मटार सोलता सोलता म्हणाली, “फोन का उचलत नाही हा? तिनं जेवण झाकून ठेवलं असेल.” मग डेन्झेलच्या कपाळावरचा काळा डाग दिसला. “देवी आल्यात का त्याला?” मी सांगितलं, जिओस्टिग्मा नावाचा रोग आहे, औषध नाही. थोड्या वेळानं कळतं की क्लाउडच्या बाहीखालीही तोच डाग आहे. आई नुसतं “हं” म्हणाली.

हा चित्रपट बघावा तो या “हं”साठी. जग वाचवून झालंय, नायक जिंकलाय आणि त्याला त्या जगात राहवत नाही. आपल्याला हे नवीन नाही. कुरुक्षेत्र जिंकल्यावर युधिष्ठिर राज्य नको म्हणून बसतो, आणि सगळ्यांना त्याची समजूत काढावी लागते. खेळ पडद्यावर आणताना बहुतेकदा पहिल्यापासूनची कथा पुन्हा सांगतात. इथे विजयानंतरचा रिकामा दिवस घेतलाय. खेळातली पात्रं रेखाटणारे तेत्सुया नोमुरा इथे दिग्दर्शक आहेत आणि लेखनही खेळाच्याच काझुशिगे नोजिमांचं, म्हणून ते जमलं असावं.

५. चर्चमधली मारामारी बोलत बघू नका

टिफा आणि लॉझ यांची झुंज. लॉझ म्हणजे क्लाउडच्या मागे लागलेल्या चंदेरी केसांच्या तिघा भावांपैकी एक. मागे नुसता पियानो वाजतो, आणि ती खेळातल्या लढायांचीच धून आहे, नोबुओ उएमात्सु यांची. टिफाला वाटतं आपण जिंकलो, आणि तेवढ्यात खेळातलं विजयाचं संगीत वाजतं. ती लॉझच्या मोबाइलची रिंगटोन असते. खेळलेला माणूस इथे मोठ्यानं हसतो, न खेळलेला त्याच्याकडे बघतो. तेव्हा थांबवून खुलासा करायला हरकत नाही.

हे तिघे भाऊ गोंधळात टाकतात. सतत बोलतो तो काडाज, लांब केसांचा याझू, चटकन रडवेला होतो तो लॉझ. मधला भाग या तिघांमुळे रेंगाळतो, ते मान्य.

६. उड्यांचा हिशोब करू नका

सहा तलवारी जोडून एक होते, माणसं इमारतींवर उभी धावतात. हे सोडून द्या. आकाशातल्या राक्षसाकडे जाताना जुने सोबती क्लाउडला एकामागून एक वर फेकतात, तिथे मात्र हात मोजा. शेवटचा हात कुणाचा ते न खेळलेल्यालाही कळतं, तुम्ही पाचच मिनिटं बोलला असलात तर.

आणखी एक जागा आहे, पाण्यात बुडत जाणाऱ्या फोनची. त्यावर साठलेले निरोप खोल जाता जाता ऐकू येतात. इथे आईचे हात थांबले. नावं सरकू लागल्यावर तिनं विचारलं, “मग घरी गेला का तो?” पडद्यावर तो अजून मोटारसायकलवरच होता.