घरात कुणाला टीबी निघाला तर पोरांचं काय करायचं
पहिलं म्हणजे लपवू नका, गल्लीत कळेल म्हणून लपवतात आणि तोवर नातू आजोबांच्याच कुशीत झोपतोय. ५ वर्षांखालच्या पोराला धोका जास्त, त्यात एकच खोली, खिडक्या बंद, चुलीचा नाहीतर बिडीचा धूर, पोरगं अंगानं बारीक, मग बघायलाच नको. खिडकी उघडी ठेवा, पेशंटला मास्क लावा, त्याचं औषध चुकवू नका. ताटवाटी वेगळी करून काय होत नाही ओ, हा हवेतनं पसरतो! पोरांना कोल्हापूरच्या सीपीआरला (मोठा सरकारी दवाखाना) नाहीतर जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा, टीबी नसला तरी प्रतिबंधक गोळ्या फुकट मिळतात. २ आठवडे खोकला, ताप, वजन वाढत नसेल तर थांबूच नका.