सोसायटीतील पार्किंगच्या वादात या चुका टाळा

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत घरे ३२ आणि स्टिल्टमधील, म्हणजे इमारतीखाली खांबांमधल्या मोकळ्या तळमजल्यावरील, पार्किंगच्या जागा १९. सचिव असताना एका पहाटे साडेपाचला वॉचमनने मला खाली बोलावले. डायलिसिसला निघालेल्या काकांच्या गाडीमागे दुसरी गाडी हँडब्रेक लावून उभी होती आणि तिचा मालक फोन उचलत नव्हता. अखेर काका रिक्षाने गेले. त्या दिवशी लक्षात आले की कोणत्या खांबापाशी कोणाची गाडी, हे आमच्याकडे कोठेच लिहिलेले नव्हते. सर्वांत मोठी चूक हीच होती.

जुन्या कमिटीने तोंडी दिलेली जागा पुढची कमिटी मानेलच असे नाही. म्हणून अर्ज, कमिटीचा ठराव, वाटपाचे पत्र आणि खांबावर रंगवलेला क्रमांक या चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील, तर सहकारी सोसायट्यांसाठीच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करावे. सोसायटीने वाटलेली जागा सदस्याला परस्पर विकता येत नाही. फ्लॅटच्या नव्या मालकाने स्वतःच्या नावाने अर्ज करावा.

‘बिल्डरला पैसे मोजले, म्हणून जागा माझी’ असे करारनामा न पाहताच धरून चालणे ही दुसरी चूक. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की खुली किंवा स्टिल्टमधील जागा फ्लॅटपासून वेगळी विकण्याचा अधिकार बिल्डरला नाही. मात्र रेरा या बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याखालील नव्या प्रकल्पांत छत असलेले पार्किंग विकता येते, खुले नाही. हा कायदा राज्यात राबवणाऱ्या महारेरा प्राधिकरणाच्या २०२४ च्या आदेशानुसार अशा जागेचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि ठिकाण करारातच नमूद करावे लागते. वाद घालण्याआधी ते पान उघडून पाहा.

रागाच्या भरात समोरच्याच्या गाडीला आपली गाडी आडवी लावणे, चाकांची हवा सोडणे किंवा साखळी घालणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण तसे केल्यावर मूळ तक्रार बाजूला पडते आणि नुकसान केल्याचा ठपका आपल्यावरच येतो. गाडी अडली, तर खांबाचा क्रमांक दिसेल असा फोटो काढावा, इंटरकॉमवर कळवावे आणि त्याच दिवशी कमिटीला लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. वॉचमनला न्यायाधीश करू नये. त्याने स्टिकर तपासावा, वेळ नोंदवावी आणि मालकाला बोलवावे, एवढेच त्याचे काम आहे, आणि दोन सदस्यांच्या भांडणात त्या बिचाऱ्याने शिव्या खाव्यात हे मला अजिबात पटत नाही.

चुकीच्या दाराशी गेल्यानेही महिने वाया जातात. धमकी, मारहाण किंवा गाडीची नासधूस झाली, तर पोलीस ठाण्यात जावे. वाटपच अन्यायाचे वाटत असेल, तर आधी कमिटी, मग सर्वसाधारण सभा, आणि तेथेही सुटले नाही, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय, असा हा क्रम आहे. प्रत्येक पायरीवर आधीच्या अर्जाची पोच विचारली जाते.

आमच्याकडे आता सभेत सर्वांसमोर स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या काढतात. ज्याची चिठ्ठी निघाली नाही, त्याचे नाव पुढच्या वर्षी आधी धरले जाते. लिफ्टपासून सर्वांत जवळचा खांब क्रमांक १ सभेनेच ठराव करून काकांसाठी ठेवला आहे.