छंद म्हणून मेटल डिटेक्टर : परवानगी कुणाची आणि कशी घ्यावी

मेटल डिटेक्टर घेऊन शिवारात उतरण्याचा एकच सरसकट परवाना महाराष्ट्रात मिळत नाही. जमीन बदलली की परवानगी देणारा बदलतो. त्यामुळे सुरुवात यंत्रापासून न करता सातबाऱ्यापासून करावी. गट क्रमांक घेऊन उतारा पाहावा, आणि त्यावर चार भावांची नावे असतील, तर बांधावर भेटलेल्या एकाच्या तोंडी होकारावर विसंबू नये. शेत बटाईने दिलेले असल्यास कसणाऱ्यालाही विचारावे. संमती लेखी घ्यावी व त्यात तारखा, खणण्याची खोली, खड्डे बुजवण्याची हमी आणि काही सापडल्यास कोणाचा किती वाटा, हे सारे स्पष्ट लिहावे. वाट्याची ओळ लिहिताना संकोच वाटतो, पण पुढे तीच सर्वांत उपयोगी पडते.

गायरान किंवा वनजमीन असेल, तर ग्रामपंचायत वा सरपंचांचा शब्द पुरेसा मानू नये. अनुक्रमे महसूल व वन खात्याकडे अर्ज करावा. किल्ले आणि संरक्षित स्मारके मात्र यादीतून सरळ वगळावीत. 1958च्या केंद्रीय स्मारक कायद्यानुसार संरक्षित क्षेत्रात विनापरवानगी खणता येत नाही, आणि उत्खननाचा परवाना पुरातत्त्वीय संशोधनासाठी असतो, हौसेसाठी नव्हे. मार्च 2025 मध्ये बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या परिसरात मुघलांच्या सोन्याच्या आशेने लोक रात्री टॉर्च व डिटेक्टर घेऊन शेते खणू लागले होते. त्याला छंद म्हणणे कठीण आहे.

आता समजा, नांगरटीत हिरवट पडलेली तांब्याची शिवराई लागली, जिच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी पुसट अक्षरे दिसतात. ती चिंचेने घासू नये; जागेचे छायाचित्र घेऊन तशीच कागदात ठेवावी. 1878चा गुप्तधन कायदा आजही लागू असून, जमिनीत दडलेल्या वस्तूची किंमत 10 रुपयांहून अधिक असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. ही मर्यादा दीडशे वर्षांपूर्वीची असल्याने आज जवळजवळ प्रत्येक जुने नाणे तिच्या वर जाते. अर्जात वस्तूचे स्वरूप, अंदाजे किंमत, सापडल्याचे ठिकाण व तारीख लिहावी, आणि वस्तू कोषागारात जमा करावी किंवा मागितल्यावर हजर करण्याची हमी द्यावी. त्यानंतर अधिसूचना निघते व चार ते सहा महिन्यांच्या आत चौकशीची तारीख ठरते. वस्तू बेवारस ठरली आणि आधी करार झालेला नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याला व उरलेला जमीनमालकाला जातो. करार असेल, तर वाटणी कराराप्रमाणे होते. सरकारला मात्र धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक देऊन ती वस्तू स्वतःकडे घेता येते. शोधणाऱ्याने माहिती दडवल्यास त्याचा वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अर्जाची दुसरी प्रत सोबत न्यावी आणि तिच्यावर आवक शिक्का व तारीख घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.