ऑक्सिडेशन नंबर काढायचा कसा? आपल्या खाणीच्या मातीपासून सुरू करू

अकरावीत रेडॉक्स, म्हणजे ऑक्सिडेशन-रिडक्शन, आलं की पोरं आधी नियम पाठ करायला बसतात आणि तिथेच घोळ होतो, गोव्यात डिचोलीत ट्यूशन घेते म्हणून दरवर्षी बघते. नियम नंतर. आधी एवढंच धरा, इलेक्ट्रॉन गेले की ऑक्सिडेशन, आले की रिडक्शन. ऑक्सिजन असायलाच पाहिजे असं नाही, सोडियम आणि क्लोरीनचं मीठ होतं तेव्हा सोडियमचं ऑक्सिडेशनच होतं.

नंबर म्हणजे नुसता हिशोब. बाँडमधले इलेक्ट्रॉन जो जास्त ओढतो त्याच्या नावावर सगळे लिहायचे. म्हणून ऑक्सिजन बहुतेक वेळा −२, हायड्रोजन +१, सुटं मूलद्रव्य ०, आणि अख्ख्या रेणूची बेरीज ०.

आता मांडवी नदीतून बार्ज भरून जायचं ते खनिज घ्या, हेमटाइट. लोखंडाचे २ अणू, ऑक्सिजनचे ३. ऑक्सिजनचे −६ झाले, मग दोन लोखंडांचे मिळून +६, एकाचा +३. भट्टीत कार्बन मोनॉक्साइड त्याचा ऑक्सिजन काढून घेतो आणि स्वतः कार्बन डायऑक्साइड होतो, तीन ऑक्सिजन काढायला त्याचे तीन रेणू लागतात; लोखंड +३ वरून ० वर उतरतं, हे रिडक्शन, आणि कार्बन +२ वरून +४ वर चढतो, हे ऑक्सिडेशन. दोन लोखंडं मिळून ६ उतरली, तीन कार्बन मिळून ६ चढले, हा ताळा प्रत्येक गणितात करा, चूक तिथल्या तिथे सापडते. आणि रिड्यूसिंग एजंट कोण, तर ज्याचं स्वतःचं ऑक्सिडेशन झालं तो, म्हणजे इथे कार्बन मोनॉक्साइड. इथे हुशार पोरंपण उलटं लिहितात.

मॅग्नेटाइटमध्ये (हेही लोखंडाचंच खनिज, ३ लोखंड, ४ ऑक्सिजन) लोखंडाचं उत्तर ८/३ येतं, घाबरू नका, ती सरासरी आहे, दोन अणू +३ आणि एक +२. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ऑक्सिजन −१ का? तर तिथे दोन ऑक्सिजन एकमेकांना जोडलेले, सारखेच ओढणारे, त्या बाँडची वाटणी निम्मी-निम्मी. अपवाद म्हणून पाठ करायची गरजच नाही.

शेवटी विहिरीत टाकतात ते पोटॅशियम परमँगनेट. पोटॅशियम +१, चार ऑक्सिजन −८, मग मँगनीज +७. पाण्याचा गुलाबी रंग जाऊन तपकिरी गाळ बसतो तो मँगनीज डायऑक्साइड, त्यात मँगनीज +४. तीनने उतरला, म्हणजे पाण्यातल्या कुणाचं तरी ऑक्सिडेशन झालंच असणार.